सुपा, सुपारी आणि सकाळी

साशंक : तुझं म्हणणं आधी मलाच मांडू दे, म्हणजे वाद नको त्या गोष्टीवर होणार नाही. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात घराघरांतून जुनी पत्रं, अर्ज, खरेदीखतांच्या नकला जमल्या. कुणी कुणी बसून त्या संगणकावर टंकल्या. आता त्या हजारो ओळींमधून गावांची नावं, सर्वे नंबर, तारखा, पिन कोड वेगळे काढायचे आहेत. मी म्हणतो, चार जाणती माणसं बसवा आणि महिनाभर वाचू द्या. तू म्हणतेस, रेग्युलर एक्स्प्रेशनचा एकेक नमुना लिहिला की यंत्र हवं तेवढं उचलून देतं. यंत्र भराभर काम करील, हे मला मान्य आहे. माझी शंका वेगळी आहे. ओळीतून एखादा तुकडा उचलताना तो कुणाचा, कशाचा, हे कळावं लागतं. तुझ्या नमुन्याला त्यातलं काय कळतं?

उत्साही : गुरुजी, त्याला काहीच कळत नाही, आणि मला तोच त्याचा गुण वाटतो. रेगेक्स म्हणजे मजकुराच्या आकाराचं वर्णन. कोणती खूण, किती वेळा, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, एवढंच त्यात असतं. समजा अशी ओळ आहे : ‘मौजे गुंद, ता. जोयडा, स. नं. ४५/२’. मला फक्त सर्वे नंबर हवा. तर मी लिहीन : स\. नं\. ([०-९]+/[०-९]+). चौकोनी कंसात ‘शून्य ते नऊपैकी कोणताही आकडा’, अधिक चिन्ह म्हणजे ‘एकदा किंवा जास्त वेळा’, मधे तिरकी रेघ. टिंबाआधी उलटी रेघ द्यावी लागते, कारण नुसतं टिंब म्हणजे रेगेक्सच्या भाषेत ‘कुठलीही एक खूण’. आणि गोल कंस ही यातली मुख्य गोष्ट. कंसात जे येतं ते हातात पडतं. कंसाबाहेरचं, म्हणजे इथे ‘स. नं.’, ते वाट दाखवतं आणि मागे राहतं.

हे गणितातून आलेलं आहे. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याचा एक गणिती आराखडा मांडला. असं जाळं कोणकोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हे लिहून दाखवण्यासाठी स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये ही चिन्हपद्धती बनवली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती मजकूर शोधण्यासाठी संगणकात आणली, आणि त्यांच्याच ‘ग्रेप’ या आज्ञेमुळे ती घरोघर गेली. आज फॉर्ममध्ये चुकीचा मोबाइल नंबर टाकला की लाल अक्षरं उमटतात, तिथेही बहुतेक वेळा असाच एखादा नमुना बसलेला असतो.

साशंक : गणिताला माझा विरोध नाही. मी तुला आपल्याच तालुक्यात घेऊन येतो. आपल्या तालुक्याचं ठाणं पूर्वी सुपा होतं. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि ठाणं जोयड्याला आलं. तेव्हा तुझ्या नमुन्याने पहिला शोध सुपा या नावाचा घ्यायला हवा. घे. काय मिळेल? या तालुक्यात सुपारीच्या बागा आहेत, त्यामुळे पत्रापत्रात ‘सुपारी’ आहे आणि तिच्या पोटात ‘सुपा’ आहे. लग्नाच्या पत्रात ‘सुपात तांदूळ’ आहे, तिथेही ‘सुपा’ आहे. आता नदीचं नाव शोध. ‘काळी’ हे नाव ‘सकाळी’त आहे, ‘संध्याकाळी’त आहे, ‘एकेकाळी’त आहे. पत्र लिहिणारा म्हणतो, ‘सकाळी निघून संध्याकाळी पोचलो’, आणि तुझं यंत्र त्या ओळीत दोन वेळा नदी पाहतं. माझ्या वर्गातल्या दुसरीच्या मुलानेही अशी चूक केली नसती.

उत्साही : त्या मुलाला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दिसतं. मी ते यंत्राला सांगू शकते. ‘सुपा’च्या आधी देवनागरी खूण नको, नंतरही नको, असं लिहायचं : (?<![ऀ-ॿ])सुपा(?![ऀ-ॿ]). पहिला कंस मागे वळून पाहतो, शेवटचा पुढे डोकावतो, आणि दोघेही काहीच उचलत नाहीत. सुपारी गेली, सुपातले तांदूळ गेले. ‘काळी’ला हेच लावलं की सकाळ-संध्याकाळ दोन्ही सुटतात. ‘काळी माती’ मात्र राहते. ती हवी की नको, हे मला ठरवावं लागेल.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती आपल्या लिपीबद्दल आहे. रेगेक्समध्ये शब्दाची सीमा दाखवणारी तयार खूण असते. ती वापरली असती तर मला एवढं लांबलचक लिहावं लागलं नसतं. पण ती खूण ज्यांनी घडवली त्यांच्या डोळ्यासमोर इंग्रजी होती. जावास्क्रिप्टमधली ‘शब्दाचं अक्षर’ ही खूण देवनागरीतलं एकही अक्षर शब्दाचं मानत नाही. पायथनच्या मूळ रेगेक्स-संचात व्यंजनं आणि स्वर शब्दात धरतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे धरत नाहीत. ‘जोयडा’ला शब्द-शब्द कर म्हटलं तर त्याचे दोन तुकडे हाती येतात : ‘ज’ आणि ‘यड’. ओकार आणि काना वाटेत गळतात. आणि ‘काळी’च्या आधी सीमेची ती खूण ठेवली तर गंमतच विचित्र होते. ‘सकाळी’त ‘स’ हे अक्षर ‘क’च्या लगेच आधी आहे, म्हणून तिथे सीमा नाही आणि नदी सापडत नाही. पण ‘संध्याकाळी’त ‘क’च्या आधी काना आहे. काना शब्दाचा नाही असं यंत्र मानतं, म्हणून तिथे सीमा आहे आणि नदी सापडते. म्हणजे सकाळ वाचते आणि संध्याकाळ बुडते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. यंत्र चुकतं आणि चूक ठराविक जागीच होते, म्हणून शंभर ओळी तपासून सगळं ठीक आहे असं वाटू शकतं.

साशंक : मी म्हणतो ते तूच जास्त नेमकं सांगितलंस. पण अजून पुढे ये. तू ‘सुपा’च्या पुढे काही नको म्हणालीस. मग ‘सुप्यात राहत होतो’, ‘सुप्याहून आलो’, ‘सुप्याला बाजार’ यांचं काय? आपल्या भाषेत नाव एकटं फार कमी वेळा येतं. ते कुणाच्या तरी नात्याने येतं आणि नात्यात आलं की त्याचं रूप बदलतं. गोवा म्हटलं की गोव्यात, सातारा म्हटलं की साताऱ्यात, जोयडा म्हटलं की जोयड्यात. पत्रात गावाचं नाव प्रथमेत किती वेळा येईल? पाकिटावर येईल, अर्जाच्या डोक्यावर येईल. आत, जिथे माणूस बोलतो, तिथे ते सामान्यरूपातच असतं.

उत्साही : बरोबर, आणि हीच मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मी नमुन्याला दुसरा पर्याय जोडला : (सुपा(?![ऀ-ॿ])|सुप्या). उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आता पाहा. सूप, म्हणजे पाखडायचं सूप, त्याचं सप्तमीचं रूप ‘सुपात’. सुपा गावाचं रूप ‘सुप्यात’. ऐकताना आपण हा फरक कधी वेगळा काढून पाहत नाही, पण व्याकरणाने तो जपून ठेवलेला आहे. एका जोडाक्षराने धान्य आणि गाव वेगळं केलं आहे. रेगेक्स लिहायला बसले नसते तर मराठीच्या सामान्यरूपाकडे मी शाळेनंतर परत वळले नसते. तुम्ही विभक्तीचे तक्ते पाठ करून घेतलेत तेव्हा ते कशाला, हे कळलं नव्हतं. आता कळतं.

साशंक : ते ऐकून बरं वाटलं, पण मी विरघळणार नाही. नीट बघ, सुपा आणि सूप वेगळं कुणी केलं? नमुन्याने नाही. तुझ्या कानाने केलं, आणि तो कान तुला घरातून मिळाला. यंत्राला तू उत्तर दिलंस आणि यंत्राने ते हजार वेळा गिरवलं. शिवाय तुझं व्याकरण प्रमाण मराठीचं आहे. इथली पत्रं लिहिणारे घरात कोकणी बोलतात, शाळेत एक पिढी मराठी शिकली, दुसरी कन्नड. तीन भाषांच्या सवयी एका ओळीत येतात. ज्या गावाला आपण ‘जोयडा’ लिहितो, त्यालाच कुणी ‘जोइडा’ लिहितं, कुणी ‘जोईडा’, कुणी ‘जोयिडा’.

उत्साही : जो(य|यि|इ|ई)ड. चारही आले, आणि शेवटचा काना मुद्दाम सोडल्यामुळे ‘जोयड्यात’ही आलं. पण तुम्ही जे दाखवताय त्याहून अवघड गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. आपला हा तालुका दऱ्याखोऱ्यांचा, त्यामुळे ‘दऱ्या’ हा शब्द वरचेवर येणार. त्यातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याला हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्राला दोन वेगळे शब्द. एका टंकलेखकाच्या दऱ्या सापडतात, दुसऱ्याच्या हरवतात. ‘ॲ’ हे अक्षर कुणी एका खुणेने लिहितं, कुणी ‘अ’वर चंद्र ठेवून. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम दाबणारेही बरेच लोक आहेत. आणि ‘डिग्गी’ हे गाव आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं, तर यंत्राच्या लेखी त्यात सहा खुणा आहेत : ड, वेलांटी, ग, हलन्त, ग, दीर्घ वेलांटी. ‘दोन अक्षरी गावं शोध’ असं कुणी सांगितलं तर नमुन्याला ते थेट कळणारच नाही.

म्हणून पहिलं काम शोधण्याचं नसतं. आधी सगळा मजकूर एका वळणावर आणावा लागतो. धान्य पाखडण्याआधी उन्हात घालतात, तसं.

साशंक : आणि त्या वळणावर आणताना मूळ लिहिणाऱ्याची सवय पुसली जाते. ‘जोईडा’ असं दीर्घ लिहिणारा माणूस कुठल्या शाळेत शिकला, कोणत्या काळात शिकला, याचा तो दाखला असू शकतो. तू त्याला चूक ठरवून सरळ करणार.

उत्साही : नाही. मूळ ओळ शेजारी जशीच्या तशी राहील. सरळ केलेली प्रत फक्त शोधण्यापुरती. हे मी कुणालाही आधी सांगते : मूळ मजकुरावर कधीही ‘शोधा आणि बदला’ चालवू नका. हजार पानांत ‘सुपा’चं ‘जोयडा’ करणाऱ्याच्या हाती ‘जोयडारी’च्या बागा येतील.

साशंक : बागांचं सोड, त्या दिसतील तरी. सुपा आणि जोयडा ही दोन गावं. एक बुडालं आणि दुसरं ठाणं झालं. ‘ता. सुपा’ला ‘ता. जोयडा’ म्हणणं तालुक्यापुरतं बरोबर आहे. ‘मु. सुपा’ला ‘मु. जोयडा’ म्हणणं म्हणजे एका बुडालेल्या गावाला दुसऱ्यांदा बुडवणं. दोन्हींत फरक फक्त ‘ता.’ आणि ‘मु.’ एवढाच, आणि पत्र लिहिणारा पुष्कळदा तेवढाही लिहीत नाही. जिल्ह्याचंही तसंच. १८६२ मध्ये हा मुलूख मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेला. १९७३ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या पत्रांवर ‘जि. कारवार’, ‘उत्तर कानडा’, ‘उत्तर कन्नड’ असं सगळं सापडेल. घर मात्र त्याच डोंगराखाली. पारनेर तालुक्यात आणखी एक सुपा आहे, एमआयडीसीचं. तिकडे नोकरीला गेलेल्याचं पत्र आलं तर?

उत्साही : तर मागचा-पुढचा संदर्भ घ्यायचा. ‘सुपा’च्या पुढे ‘धरण’ असेल तर धरण, मागे ‘ता.’ असेल तर तालुका, त्याच ओळीत ‘पारनेर’ असेल तर ते दुसरं. उरलेल्या ओळी माणसाने बघायच्या. नमुना लिहिताना हे सगळे निर्णय उघड लिहावे लागतात, आणि माझ्या मते हे फार मोलाचं आहे. तुमची चार जाणती माणसं महिनाभर वाचतील तेव्हा प्रत्येक जण मनात असेच निर्णय घेईल. सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरा. तो कुठे लिहून ठेवणार? माझा निर्णय चुकला असेल तर तो एका ओळीत आहे. तुम्ही बोट ठेवून सांगू शकता, इथे चुकलीस.

साशंक : हा मुद्दा मी मानतो. माणसाच्या मनातली चूक सापडत नाही, कागदावरची सापडते. पण ती सापडायला तुझा नमुना वाचता आला पाहिजे. मघाचा तो ओळीभर कंसांचा जथा गावातल्या कुणाला दाखवून ‘हे बरोबर आहे का’ विचारशील? ज्यांची पत्रं, त्यांना तो वाचता येत नाही. मग निर्णय उघड कसा?

उत्साही : नमुना वाचता येणार नाही, पण निकाल वाचता येईल. तेही पुरेसं नाही, हे मला माहीत आहे, कारण नमुना लिहिणाऱ्यालाही तो वाचताना फसायला होतं. एक ओळ घ्या : ‘मौजे गुंद, ता. जोयडा आणि मौजे डिग्गी, ता. जोयडा’. मी लिहिलं : मौजे (.+), ता\. मला वाटलं ‘गुंद’ मिळेल. मिळालं काय? ‘गुंद, ता. जोयडा आणि मौजे डिग्गी’. कारण अधिक चिन्ह मुळात हावरं आहे. शेवटच्या ‘ता.’पर्यंत जितकं घेता येईल तितकं घेतं. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, (.+?), की ते बेताने घेतं आणि पहिल्या ‘ता.’ला थांबतं. त्याहून बरं म्हणजे ‘स्वल्पविराम सोडून काहीही’ असं सांगणं : ([^,]+). एका चिन्हाचा फरक, आणि दोन गावांचं एक गाव होतं.

हे लहानसहान लोकांच्याच बाबतीत होतं असंही नाही. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जाळ्यामागची संकेतस्थळं जगभर सुमारे २७ मिनिटं बंद पडली. कारण एक नवा रेगेक्स. त्याच्या गाभ्यात .*.*=.* अशी रचना होती. ‘कितीही काहीही’, परत ‘कितीही काहीही’, मग बरोबरचं चिन्ह. ओळीत ते चिन्ह नसलं की यंत्र पहिल्या ‘काहीही’ला थोडं कमी देऊन बघतं, मग दुसऱ्याला, मग परत पहिल्याला. वाटण्या करण्यातच सगळी ताकद संपते. थॉम्पसन यांच्या १९६८च्या पद्धतीत ही अडचण नव्हती. नंतरच्या यंत्रांनी जास्त सोयी देताना ती ओढवून घेतली.

साशंक : हावरेपणा दुरुस्त होतो, मला त्याची काळजी नाही. मला काळजी वाटते ती नमुना अचूक लागतो आणि तरी उत्तर खोटं येतं त्याची. तुझ्या तारखा घे. ‘आकडे, तिरकी रेघ, आकडे’ असा नमुना. महाराष्ट्रात नातेवाईक असलेल्याने पत्रात लिहिलं, ‘७/१२ काढला’. तुझ्या यादीत ती ७ डिसेंबर झाली. तोच आकडा आपल्याकडच्या पहाणीच्या उताऱ्यात सर्वे नंबर म्हणून आला तर सातव्या नंबरचा बारावा हिस्सा. आकार तंतोतंत एक आणि अर्थ तीन. आता जमिनीचं क्षेत्र घे. आपल्याकडे एकर आणि गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर. कागदावर असतं २-१५, किंवा कुणी लिहितं २.१५. तुझा नमुना म्हणणार, आकडा, टिंब, आकडे. ही दशांश संख्या. यादीत २.१५ एकर. पण ते दोन एकर पंधरा गुंठे आहेत, म्हणजे २.३७५ एकर. नऊ गुंठे गेले. नमुना चुकला का? नाही. त्याने कागदावर जे होतं तेच उचललं.

(या उदाहरणाशी मी, हा संवाद लिहिणारा, बराच वेळ थांबलो. दोघांमध्ये मी कुणाची बाजू घेत नाही, पण इथे साशंकाचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. चुकीचा तुकडा हाती आला तर तो खुपतो आणि कुणीतरी विचारतं. बरोबर तुकडा चुकीच्या रकान्यात गेला तर तो खुपत नाही. तो बेरजेत मिसळतो. नऊ गुंठ्यांत एक घर, परस आणि चार माड बसतात.)

उत्साही : मी ते टाळू शकत नाही, हे मान्य. क्षेत्राचा नमुना वेगळा ठेवीन, टिंबानंतरचा आकडा चाळिसापेक्षा कमी आहे का तेही तपासीन. चाळीस किंवा वर दिसला तर ते दशांश असण्याची शक्यता जास्त. पण २.१५ला दोन्ही अर्थ लागतात, तिथे नमुना मुका आहे. तरी काही आकडे असे असतात की त्यांच्या रचनेतच अर्थ ठेवलेला असतो. पिन कोड पाहा. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारे, त्यांनी टपाल खात्यासाठी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२पासून ती लागू झाली. सहा आकडे. पहिला विभाग सांगतो, पुढचे हळूहळू जिल्ह्यापर्यंत आणि टपाल कचेरीपर्यंत आणतात. जोयड्याचा पिन ५८१ने सुरू होतो. मी ५८१ आणि पुढे तीन आकडे, मागेपुढे आणखी आकडा नको, एवढं लिहिलं की जवळपास सगळे पत्ते अचूक हाती येतात. आकडे कुणी ५८१ असे लिहिलेले असोत की 581 असे, [0-9०-९] म्हटलं की दोन्ही बसतात. वेलणकरांनी जागेला आकार दिला, म्हणून ती आकारावरून ओळखता येते.

साशंक : म्हणजे ज्याला कुणी आधी शिस्त लावली आहे तेच तुझ्या हाती नीट लागतं. १९७२च्या आधीच्या पत्रांना पिन नाही. तेव्हा सुपा होतं. जे गाव बुडालं ते शिस्तीच्या अलीकडे राहिलं. तुझ्या यादीत नवी पत्रं भरभरून येतील, जुनी गळतील. आणि यादी पाहणाऱ्याला वाटेल, पूर्वी लोक फारसं लिहीत नव्हते.

उत्साही : हे मला सुचलं नव्हतं. खरं आहे. जे सापडलं त्याची यादी मी छापते, जे सापडलं नाही त्याची छापत नाही. पण ग्रेपला उलटं चालवता येतं. नमुन्यात न बसलेल्या ओळी तेवढ्या दाखव, असं सांगता येतं. गाळ वेगळा जपून ठेवायचा.

खरं तर आता अनेक जण म्हणतात, एवढी खटपट कशाला? सगळी पत्रं एखाद्या मोठ्या भाषा-मॉडेलला द्या आणि साध्या मराठीत सांगा, यातली गावं काढ. त्याला ‘सुप्यात’ आणि ‘सुपात’ यांतला फरक बहुधा कळेल. सातबारा ही तारीख नव्हे, हेही कळेल. तुमच्या निम्म्या शंका तिथे मिटतात. मग तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहाल?

साशंक : नाही. आणि हे बोलताना माझ्याच लक्षात येतंय की मी तुझ्या नमुन्याच्या बाजूला सरकलोय. तुझा नमुना चुकला तर त्याच ओळीवर उद्याही तसाच चुकेल, परवाही. मी त्याला पकडू शकतो. ते मॉडेल आज ‘रामनगर’ ओळखेल आणि उद्या त्याच ओळीत न दिसलेलं एखादं गाव भरून देईल, कारण तिथे गाव असायला हवं असं त्याला वाटलं. तुझा नमुना कागदावर नसलेलं एक अक्षरही देऊ शकत नाही. तो मुका आहे, पण खोटं रचत नाही. जुन्या कागदाच्या बाबतीत मला मुका चालेल.

पण तेवढ्याने तू जिंकलीस असं समजू नकोस. आडनावं काढायचा तुझा बेत होता ना? ‘कर’ने संपणारी आडनावं घ्यायची, ‘कर’ कापायचा, मागे गाव राहतं, असा?

उत्साही : ([ऀ-ॿ]+)कर, शब्दाच्या शेवटी. कारवारकर दिला तर कारवार मिळतं. वेलिंगकर दिला तर वेलिंग.

साशंक : शंकर दिला तर ‘शं’, भास्कर दिला तर अर्धा स घेऊन ‘भास्’. ही नावं तू वगळशील, ती मोजकी आहेत. पण आपल्याकडे घरागणिक सापडणारा गावकर दे. ‘गाव’ मिळेल. ते कुठलं गाव? गावकर हा गावाचा मान होता, जबाबदारी होती. त्या शब्दातलं ‘गाव’ नकाशावर दाखवता येत नाही, पण ते खोटं गाव नाही. तुझ्या यादीत त्याला कोणता रकाना?

उत्साही : रकाना नाही. गाळात ठेवीन, पण वर लिहीन की हा गाळ का आहे.

साशंक : मग गाळातली एक ओळ बोलू. मी ती बनवून सांगतो, पण अशा ओळी तुला खूप भेटतील. धरणात उठलेली माणसं रामनगरला आली. त्यांच्यातला कुणी अर्जाच्या डोक्यावर लिहितो : ‘मूळ गाव सुपा, हल्ली रामनगर.’ तुला गाव काढायचं आहे. कंस कुठे घालशील?

उत्साही : दोन कंस घालीन. मूळ गाव ([^,]+), हल्ली ([^.]+). पहिल्यात सुपा, दुसऱ्यात रामनगर. दोन्ही मिळतात, काही हरवत नाही.

साशंक : तुझ्या तक्त्यात ‘गाव’ हा रकाना एक आहे की दोन?

उत्साही : सध्या एक आहे. दोन करता येतील. ‘मूळ’ आणि ‘हल्ली’.

साशंक : सगळ्यांसाठी? जे कधी उठले नाहीत त्यांच्या ‘मूळ’मध्ये काय लिहिशील? तेच गाव परत लिहिलंस तर उठलेल्यांचं उठणं दिसेनासं होतं. रिकामं ठेवलंस तर जे आपल्याच गावात राहिले त्यांना मूळ नाही असं दिसतं. आणि दुसरं. मघाशी तूच म्हणालीस की कंसाबाहेरचं वाट दाखवतं आणि मागे राहतं. ‘मूळ’ आणि ‘हल्ली’ हे दोन शब्द तुझ्या नमुन्यात कंसाबाहेर आहेत. त्या माणसाने अर्जात जे सांगितलं ते त्या दोन शब्दांतच सांगितलंय. गावांची नावं सरकारकडे आधीपासून आहेतच.

उत्साही : त्यांनाही कंस घालता येईल. मग चार कंस होतील. पण तसं सगळंच कंसात घेत गेले तर शेवटी पूर्ण ओळच हातात येईल, आणि मी काहीच काढलेलं नसेल.

साशंक : हो.

उत्साही : तरी मला यादी हवी आहे, गुरुजी. यादी नसेल तर सुप्याहून कोण कोण कुठे गेलं, हे विचारणाऱ्याला मी हजार पत्रं दाखवू? तो परत जाईल.

साशंक : यादी कर. मी नको म्हणत नाही. प्रत्येक नावाशेजारी मूळ ओळीचा क्रमांक ठेव, म्हणजे ज्याला हवं त्याला मागे जाता येईल. आणि ‘हल्ली’ शब्द आलेल्या ओळी वेगळ्या काढ, त्या मी वाचतो.

उत्साही : ‘हल्ली’ शोधायला परत नमुनाच लिहावा लागेल. आणि कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडं, ते इथले लोक मराठीत लिहिताना ‘हल्ली’ही लिहितात. दोन्ही येतील.

साशंक : येऊ देत. ते मी वेगळे करीन.